स्विफ्ट घेऊन ट्रॅकवर: कुडाळच्या एका विमा एजंट बाईचा अभिप्राय

आधी पैशांचं सांगते, कारण आमच्याकडे सगळे तेच पहिलं विचारतात. कोइंबतूरच्या ट्रॅक डेची (रेसिंगच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायच्या दिवसाची) फी, इन्स्ट्रक्टरचे वेगळे पैसे, जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि निघण्याआधी गाडीवर केलेला खर्च धरून तीस हजारांच्या आसपास गेले. राहायचं-जेवायचं भाच्याकडे होतं, नाहीतर आणखी लागले असते. या तीस हजारांतले इन्स्ट्रक्टरचे आणि ब्रेक ऑईलचे पैसे पुरेपूर वसूल झाले. फी ठीक. आयोजकाच्या फोटो पॅकेजमध्ये माझ्या गाडीऐवजी दुसऱ्याच एका पांढऱ्या स्विफ्टचे फोटो आले, त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

मी कुडाळात मोटार विम्याची कामं करते. गाडी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, ८३ अश्वशक्ती, पुढे डिस्क, मागे ड्रम, टायर बारीक आणि उंच. एमएच-०७. आज वेंगुर्ला, उद्या देवगड, मध्येच कणकवलीच्या सर्व्हेअरकडे, असं तिचं आयुष्य. डिकीत फाइली, छत्री आणि सासूबाईंनी कुणाकुणाला द्यायला ठेवलेले नारळ. स्पॉयलर नाही, मोठा सायलेन्सर नाही. ही माहिती एवढ्यासाठी की ट्रॅक डे म्हटलं की लोकांना वाटतं तिथे फक्त लाखो रुपये ओतलेल्या गाड्या येतात. माझ्या ग्रुपात एक सेलेरियो होती आणि ती चालवणारे काका निवृत्त बँक मॅनेजर होते.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. नंबर काढत नाहीत, बक्षीस नसतं, आणि आमच्या आयोजकाने तर वेळ मोजण्याचं यंत्रसुद्धा नवख्यांच्या ग्रुपाला दिलं नव्हतं, ते बरंच केलं. रेसिंगचा ट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घेतात, चालकांचे अनुभवाप्रमाणे गट पाडतात आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी, म्हणजे सेशननी, प्रत्येक गट आत सोडतात. आपली रोजची, नंबरप्लेटवाली गाडी आपणच चालवायची. समोरून कुणी येत नाही. म्हैस येत नाही. एवढी एक गोष्ट विकत घ्यायला आपण हजार किलोमीटर जातो.

आता माझ्या धंद्यातलं. तुमच्या गाडीच्या पॉलिसीत ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ नावाचा एक परिच्छेद असतो. पॉलिसी कुठल्या कामासाठी लागू नाही ते त्यात लिहिलेलं असतं: भाड्याने चालवणं, मालवाहतूक, ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल, वगैरे. गिऱ्हाइकांना मी हा परिच्छेद वाचायला सांगते तेव्हा ते सही कुठे करायची तेवढं विचारतात. ट्रॅक डेला जाणारी मुलं म्हणतात, ‘आपण रेस कुठे करतोय?’ रेस नसेल करत, पण त्याच ओळीत स्पीड टेस्टिंगही आहे, आणि दावा तपासणारा माणूस तुमच्या बाजूने अर्थ काढायला बसलेला नसतो. म्हणून सरळ धरून चालायचं: ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपला. शिवाय सकाळी जो हमीपत्राचा कागद सहीला देतात त्यात ट्रॅकच्या कठड्याचं नुकसान झालं तर तेही तुम्ही भरायचं असं असतं. मी तो शेवटपर्यंत वाचला. माझ्यामागे रांग लागली आणि दोघं चिडले. त्यांनीही वाचायला हवा होता.

यातून माझा एक नियम झाला, तो तुम्हालाही उपयोगी पडेल: जी गाडी मोडली तर महिन्याचं घर मोडेल, ती ट्रॅकवर न्यायची नाही. आणि माझ्यासारखी न्यायचीच असेल तर ध्यानात ठेवायचं की संध्याकाळी याच गाडीने घरी जायचं आहे. ट्रेलर नाही, मेकॅनिकांची टोळी नाही. दिवसभर मी प्रत्येक गोष्ट या एका प्रश्नावर तोलत होते.

ट्रॅक कुठला, याबद्दल थोडं. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट प्रसिद्ध, ५.१२५ किलोमीटरचा, तिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला. पण तिथला लांब सरळ पट्टा एक किलोमीटरहून जास्त. ८३ अश्वशक्तीच्या गाडीला तिथे नुसतं पाय दाबून बसायचं काम. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक पावणेचार किलोमीटरच्या जवळ. कोइंबतूरच्या चेट्टिपाळयमचा करी मोटर स्पीडवे या तिघांत छोटा, २.१ किलोमीटर, २००३ पासूनचा. लहान गाडीला आणि नवख्या माणसाला छोटा ट्रॅक चांगला, कारण वळणं लवकर लवकर परत येतात. आत्ता जे चुकलं ते दोन मिनिटांत पुन्हा करून बघता येतं. ‘करी’ हे नाव एस. करिवर्धन यांच्यावरून आहे. कापड गिरण्यांच्या घरातला हा माणूस, त्यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून स्वस्तातल्या सिंगल सीटर रेसगाड्या बनवल्या आणि त्या काळी कितीतरी पोरांना शर्यतीचा दरवाजा उघडून दिला. १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. नारायण कार्तिकेयन, आपला पहिला फॉर्म्युला वन चालक, हाही कोइंबतूरचाच. त्या गावात हे वेड मुरलेलं आहे. रिक्षावाल्याला ‘करी’ म्हटलं की पुरे.

माझ्यासाठी खरं कारण भाचा. तो तिथे पंपांच्या कारखान्यात आहे. कॉलेजात असताना फॉर्म्युला भारत नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा असते ना, स्वतः गाडी बनवून आणायची, ती याच ट्रॅकवर होते, त्यात तो होता. तेव्हापासून फोनवर एकच: ‘मावशी, तू घाटात एवढी चालवतेस, एकदा इथे ये.’

तयारी कुडाळातच केली, आणि हा भाग कोकणातल्या लोकांनी नीट वाचावा. ब्रेक ऑईल हवेतली वाफ शोषून घेतं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने कपडे वाळत नाहीत, मग त्या टाकीतलं ऑईल कोरडं कसं राहील? डॉट ४ दर्जाचं नवं ऑईल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ वर येतो. डॉट ३ चं तर २०५ वरून १४०. ऑईल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑईल दाबलं तरी आकसत नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र आकसते, म्हणून पॅडल सरळ खाली जातं आणि गाडी तशीच पुढे. फोंडा घाट उतरताना पर्यटकांच्या गाड्यांचे जे ‘ब्रेक फेल’ होतात, त्यांतले काही हेच असतात. थोड्या वेळाने थंड झालं की ब्रेक पुन्हा लागतो आणि गॅरेजवाल्याला काही सापडत नाही.

माझ्या गॅरेजवाल्याने टाकीचं झाकण काढून आत टॉर्च मारला. काळ्या चहाच्या रंगाचं. ‘ह्या बदलूचाच लागतला, वैनी.’ मी म्हटलं, त्यासाठीच आलेय, चारही चाकांना ब्लीड कर, जुनं थेंबभर ठेवू नकोस. कशासाठी ते सांगितलं तेव्हा त्याने पाना खाली ठेवला. ‘आमच्या कुडाळात गाडी पळवूक रस्तो नाय काय? पैशे देवन ब्रेक झिजवूक जातास?’ तरी काम चोख केलं. पुढचे पॅड अर्ध्याहून कमी होते, ते नवे घातले, कंपनीचेच. रेसिंगचे पॅड घेऊ नका. ते गरम झाल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि आपल्याला सकाळी सात वाजता कुडाळच्या बाजारात, समोर शाळेची पोरं असताना, थंड ब्रेक लागायला हवेत.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझे तीन वर्षांचे होते, चालले. पाच-सहा वर्षांचे असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, नेऊ नका. चाकांचे नट टॉर्क रेंचने, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याला. पान्यावर उभं राहून घट्ट करायची आपल्याकडची पद्धत आहे, ती नको, बोल्ट ताणले जातात. आणि आमच्या खाऱ्या हवेने पुढचा टो-हुक बसवायची जागा गंजलेली होती, तिथे आटे साफ करून घेतले. टो-हुक दाखवा म्हणून तपासणीत खरोखर मागतात. गाडी ट्रॅकवर बंद पडली तर ओढायची कशाला धरून?

बाकी डिकी रिकामी केली. सासूबाईंचे नारळ बाहेर आले तेव्हा त्यांनी दारात उभं राहून चौकशी केली आणि निकाल दिला: ‘गोल गोल फिरान परत थंयच येवचा, तर जातंस कित्याक?’

प्रवासात सांगण्यासारखं फार नाही. सावंतवाडी, आंबोली, बेळगाव, मग बंगळूरपर्यंत मोठा रस्ता, कृष्णगिरी, सेलम, कोइंबतूर. हजाराच्या आतबाहेर किलोमीटर. दोन टप्प्यांत करा. एका दमात जाऊन दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर उतरणारे दोघं तिथे भेटले, त्यातला एक दुपारी कारमध्येच झोपून गेला.

सकाळी गाड्यांची तपासणी. बॅटरी हलते का, चटया काढल्या का, सुटं काही आहे का. माझ्या सीटखालून एक स्टीलचा डबा निघाला. चालकाच्या पायाखालची चटई काढायला लावतात, ती ब्रेकखाली सरकते म्हणून. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, पायात बंद बूट, डोक्याला हेल्मेट. मी सलवार-कमीज घातली होती, ओढणी काढायला सांगितली, बरोबरच आहे. बायकांत मी आणि चेन्नईची एक तरुण मुलगी. कुणी टक लावून पाहिलं नाही. नंबरप्लेट मात्र पाहिली. ‘एमएच झीरो सेव्हन म्हणजे कुठे?’ हे दिवसभर चालू होतं. सिंधुदुर्ग सांगून कळत नाही, गोव्याच्या वर म्हटलं की कळतं.

मग झेंडे. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळूहळू पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आहे. काळा तुमच्यासाठी दाखवला तर तुम्ही आत या, काहीतरी बिघडलंय नाहीतर तुम्ही आगाऊपणा केलाय. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा, तेल वगैरे सांडलंय. चौकटीचा म्हणजे वेळ संपली. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, आणि तेही पुढच्या गाडीने खिडकीतून हात काढून कुठल्या बाजूने जायचं ते दाखवल्यावर. मला हे इतकं आवडलं. आमच्या महामार्गावर पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तेव्हा तो ‘जा’ म्हणतोय की ‘मी वळतोय’ म्हणतोय हे देवालाच माहीत.

इन्स्ट्रक्टर शेजारी बसला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, थोडी हिंदी, बाकी हात. पहिल्या दोन फेऱ्या हळू, गाडी गरम करायला. त्याने माझ्याबद्दल जे पहिलं टिपलं ते वेगाबद्दल नव्हतं. ‘तुमचा अंगठा हॉर्नवर आहे,’ तो म्हणाला. होता. आंधळ्या वळणाच्या आधी हॉर्न, गडग्याला घासून डावी कड, आणि पाय ब्रेकवर टेकवलेला. वीस-बावीस वर्षांचं कोकणी शिक्षण. वाईट नाही ते. आमच्या रस्त्यावर त्यानेच माणूस जगतो. पण पाय टेकवून ठेवायची सवय त्याने लगेच पकडली. त्याने सांगितलं: ब्रेक एकदा, जोरात, गाडी सरळ असताना. मग पाय पूर्ण उचला. मग वळा. अर्धा अर्धा ब्रेक वळण संपेपर्यंत ओढत राहिलं की पॅडना थंड व्हायला वेळच मिळत नाही, आणि पुढच्या टायरला एकाच वेळी थांबायला आणि वळायला सांगितलं की तो दोन्ही कामं अर्धवट करतो.

घरी येऊन मी आकडा मांडला. गाडी आणि आत दोन माणसं मिळून हजार किलो धरा. ताशी १२० वरून ६० वर आणायचं म्हणजे चारशे किलोज्यूलच्या वर ऊर्जा, मुख्यतः त्या पुढच्या दोन डिस्कमध्ये, काही सेकंदांत. तेवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी उकळतं. दर फेरीला, त्या सरळ पट्ट्याच्या शेवटी, एक पातेलं. वेग निम्मा केला की तीन चतुर्थांश ऊर्जा गेली, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. हे शाळेत शिकलो होतो, पण पायाला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या सेशनमध्ये त्याने मला एक गोष्ट करायला लावली, तिच्यासाठी मी पुन्हा हजार किलोमीटर जाईन. सरळ पट्ट्यावर, मागे कुणी नाही हे बघून, म्हणाला: आता पूर्ण ब्रेक. जीव खाऊन. मी दाबला. पॅडल पायाखाली कटकट-कटकट करून उलटं ढकलायला लागलं, आवाज असा की काहीतरी तुटलं. मी पाय सैल केला. तो म्हणाला, ‘सगळे हेच करतात. पुन्हा.’ पुन्हा दाबला, दाबून धरला, आणि ती कटकट चालू असताना मी चाक थोडं वळवलं, तर गाडी ब्रेक लागलेला असूनही वळली.

ही कटकट म्हणजे एबीएस. चाक लॉक होऊ नये म्हणून तो सेकंदाला कितीतरी वेळा ब्रेक सोडतो आणि धरतो. आणि मला एकदम माझ्या टेबलावरचे दाव्यांचे फॉर्म आठवले. ‘ब्रेक दाबला पण पायाखाली खडखडाट होऊन ब्रेक लागला नाही, सबब पुढील वाहनास धडक.’ हे वाक्य, थोड्याफार फरकाने, मी कितीदा मराठीत लिहून घेतलंय आणि इंग्रजीत भरलंय. प्रत्येक वेळी मला वाटायचं की माणूस गाडीवर ढकलतोय. आता वाटतं, त्यातल्या बऱ्याच जणांनी खडखडाट ऐकला आणि घाबरून पाय उचलला असणार, नेमक्या त्या क्षणी जेव्हा गाडी आपलं काम करत होती. नवी गाडी घेताना शोरूममध्ये हार घालतात, नारळ फोडतात, पेढे देतात, पण मोकळ्या जागी नेऊन एकदा पूर्ण ब्रेक मारून कुणी दाखवत नाही. लायसन्सच्या परीक्षेतही नाही. मी आता पॉलिसी देताना हे सांगते. काही लोक ऐकतात.

वेगाचं विचाराल तर काटा सव्वाशेच्या पुढे गेला, त्याहून जास्त माझ्या गाडीला त्या पट्ट्यावर जमलं नाही. खरी मजा वळणांत. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जास्त वेगाने वळणात घातली की नाक बाहेर जातं, चाक कितीही फिरवा. उपाय म्हणजे आणखी फिरवणं नव्हे, ॲक्सिलरेटर थोडा सोडणं. टायर आधी सांगतो: हलका सूर निघतो तोवर ठीक, किंचाळायला लागला की तुम्ही त्याच्याकडून जास्त मागताय. पण वळणाच्या ऐन मध्यावर घाबरून पाय एकदम काढला तर वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होतो आणि शेपटी बाहेर येऊ बघते. माझ्या गाडीत ईएसपी, म्हणजे घसरती गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, नाही, ते सावरणारं कुणी नाही. एकदा शेपटी जराशी हलली. इन्स्ट्रक्टर काही बोलला नाही, फक्त दूर पुढे बोट दाखवलं, की तिकडे बघ. नजर जिथे, गाडी तिथे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. ट्रॅकवर शिकवतात ती बाहेर-आत-बाहेर अशी रेषा, म्हणजे वळणात बाहेरच्या कडेने शिरून आतली कड गाठायची आणि पुन्हा बाहेर निघायचं, आपल्या घाटात वापरायची नाही. ट्रॅकवर रस्ता सगळा आपला असतो. करूळ घाटात ती ‘बाहेरची’ बाजू समोरून येणाऱ्या एसटीची आहे.

आता तक्रारी. आयोजक कोण ते लिहीत नाही, कारण इतर बाबतीत माणसं सरळ होती आणि बहुतेक आयोजकांचं असंच असतं असं तिथल्या जुन्या मंडळींनी सांगितलं. नवख्यांच्या गटात गाड्या जास्त घेतल्या. दोन किलोमीटरच्या ट्रॅकवर एवढ्या गाड्या म्हणजे अर्धा वेळ कुणाच्या तरी मागे. सकाळी उशिरा सुरू झालं आणि तो वेळ दुपारच्या सेशनमधून कापला. सावलीसाठी जो मंडप घातला होता त्यात गाड्या उभ्या केल्या आणि माणसं उन्हात. आणि मधल्या गटातल्या एका मुलाला, ज्याला स्वतःला मधला म्हणायचं फार होतं, नवख्यांत पाठवायचं धाडस कुणी केलं नाही. त्याचंच पॅडल दुपारी खाली गेलं. गाडी वाळूत थांबली, त्याला काही झालं नाही, लाल झेंडा, आमची सात-आठ मिनिटं गेली. पिटमध्ये आल्यावर पुढच्या चाकातून वास येत होता. ब्रेक ऑईल कधी बदललं होतं, असं मी विचारलं. गाडी घेतल्यापासून नाही. गाडीच्या सायलेन्सरवर त्याने माझ्या सगळ्या सहलीपेक्षा जास्त खर्च केला होता.

चांगलं काय, तर झेंडेवाले मार्शल जागे होते, ॲम्ब्युलन्स सकाळपासून इंजिन चालू करून बघितलेली होती, आणि दर सेशनची शेवटची फेरी थंड करायला म्हणून हळू घ्यायलाच लावायचे. ब्रेक जवळजवळ न वापरता ती फेरी करायची, आत येऊन हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड. गरम ब्रेक दाबून ठेवला तर उष्णता एका जागी अडकते. टायरची हवा लगेच मोजा. माझी पाच-सहा पीएसआय वाढलेली असायची, ती थोडी काढली की पुढच्या वेळी गाडी जास्त धरून चालायची. परतीच्या प्रवासाआधी ती हवा पुन्हा भरायची, हे तिथे कुणी आठवण करून देत नाही.

पाच सेशनची फी असेल तर नवख्याने शेवटचं सोडून द्यावं. दुपारनंतर डोकं थकतं आणि आत्मविश्वास वाढलेला असतो. दिवसभरातली मार्शलांची धावपळ बहुतेक त्याच वेळेला होती. मी शेवटच्या सेशनला चहा घेतला आणि कठड्यामागून सेलेरियोवाल्या काकांना पाहत बसले. ते सकाळच्या मानाने इतके गुळगुळीत चालवत होते की त्यांच्यापुढे मोठ्या गाड्या धडपडताना दिसत होत्या.

कुडाळला परत आल्यावर गॅरेजवाल्याने स्वतःहून चाकं काढली, उत्सुकता त्यालाच जास्त. नवे पॅड पाव भाग संपले होते. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा बोचऱ्या झाल्या होत्या, बारीक उंच टायर वळणात आडवे होतात म्हणून, ते पुढचे मागे केले. ऑईलचा रंग बदलला नव्हता, तरी मी ते पुन्हा बदलून घेतलं. तो म्हणाला, ‘ह्या तर नवाच आसा.’ आसा, पण गरम झालेलं आसा. अलाइनमेंट जवळपास जागेवर होतं.

कुणी जावं? ज्यांना रोज घाटातून जावं लागतं आणि ज्यांची गाडी साधी आहे त्यांनी, आणि इन्स्ट्रक्टर घेऊनच. इन्स्ट्रक्टरचे पैसे वाचवून फक्त फेऱ्या मारायच्या असतील तर त्या पैशांत नवे टायर घ्या. एक्स्प्रेसवेवर किती पळवली ते व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्यांनीही एकदा जावं. सेलेरियोवाले काका त्यांना मागून निळा झेंडा मिळवून देतील. कोकणातून नेताना महिना निवडायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिकडे परतीचा पाऊस असतो, आणि मेमध्ये आंब्याच्या घाईत इकडून कुणाला सुटता येतं?

हेल्मेट स्वतःचं न्या, तोंड पूर्ण झाकणारं, आणि आपलं चालेल का ते आयोजकाला आधी विचारून घ्या. तिथे भाड्याने मिळतात, पण दुपारपर्यंत ती चार डोक्यांतून ओली होऊन आलेली असतात. कुडाळच्या बाजारात दोन-अडीच हजारांत बरं मिळतं, नंतर स्कूटरवर वापरता येतं.